पहिल्या घराची मिळकत

"एकच तेली, एकच घाणा, एकच बैल, आणि मिळकती दोन?"

करंजगडचे राजे भानुजी यांनी दोन्ही वह्या विसाजीपंत कारकुनाच्या पुढ्यात आपटल्या. "पहिल्या खेपेला वर्षाचे साठ रुपये, दुसऱ्या खेपेला सहाशे! खरं कोणतं?"

"महाराज, जो जसं बोलला तसं मी लिहिलं," पंत म्हणाले.

"आणि हा न्हावी? आठशे? एवढं मिळवायला माझ्या प्रजेला तीन-तीन डोकी हवीत!"

झालं होतं असं. प्रजा किती कमावते हे जाणून घ्यायची राजाला लहर आली. पहिल्या खेपेला पंत दोन शिपाई घेऊन दारोदार फिरले. लोकांना वाटलं, नवी पट्टी बसणार! सोनारसुद्धा म्हणाला, "कण्या खाऊन दिवस काढतो." राजा चिडला. मग त्यानेच दवंडी पिटवली, की ज्याची मिळकत मोठी, त्याचं पान दसऱ्याच्या पंगतीत राजाशेजारी. पंत पुन्हा फिरले, आणि कण्या खाणारा सोनार एका आठवड्यात गावचा कुबेर झाला!

"उद्या खरा आकडा आला नाही, तर पंत, वेशीबाहेर व्हायचं! पुन्हा तोंड दाखवायचं नाही!"

तेवढ्यात दाराशी कोणीतरी फिस्सकन हसलं. राजकन्येला बांगड्या भरायला आलेली ठमा कासारीण होती ती. टोपली सावरत तिने तोंडाला पदर लावला, पण उशीर झाला होता.

"कशाला हसलीस?"

ठमाने गप्प राहायचं ठरवलं. पण जीभ काही ऐकेना. "महाराज, माझ्याकडे येणारी एकही बाई हाताचं खरं माप सांगत नाही. सगळ्यांचे हात नाजूक! आणि जाऊबाई शेजारी बसली असली, की ते आणखी नाजूक होतात. पंतांनी मला विचारलं असतं, तर पहिल्याच दिवशी सांगितलं असतं."

"अस्सं! मग दाखव तुझी हुशारी. उद्या भरदरबारात एका घरधन्याच्या तोंडून मला एक खरं उत्तर काढून दाखव. नाही जमलं, तर तुझी टोपली हत्तीच्या पायाखाली, आणि पंत वेशीबाहेर!"

ठमाने टोपली घट्ट धरली. तीन पोरांचं जेवण त्या टोपलीत होतं. "घर मी निवडायचं ना, महाराज?"

"कोणतंही निवड!"

ठमा अंतःपुरात गेली. राजकन्येचा हात हातात घेतला, पण चित्त थाऱ्यावर नव्हतं. कोणाच्या घरी जावं? तेली बैलाची शपथ घेऊन खोटं बोलेल. न्हावी तर शपथेशिवायच बोलेल!

जाळीपलीकडच्या दालनात राजाचा आवाज आला. बादशहाचा वकील खंडणी ठरवायला आला होता.

"वकीलसाहेब, काय सांगू! तीन वर्षं धड पाऊस नाही. खजिन्यातले उंदीरसुद्धा राज्य सोडून गेले हो!"

वकील गेला. थोड्या वेळाने नांदगिरीचे राजे आले. राजकन्येला त्यांच्या मुलासाठी मागणी घालायची होती.

"व्याहीबुवा, आमच्याकडे मोहरा मोजायला माणसं पुरत नाहीत," त्याच दालनातून तोच आवाज आला. "हल्ली आम्ही पायलीनेच मोजतो!"

ठमा गालातल्या गालात हसली.

"काय झालं गं?" राजकन्येने विचारलं.

"काही नाही ताईसाहेब. बांगडी अगदी बरोबर बसली!"

दुसऱ्या दिवशी दरबार खच्चून भरला. राजाच्या उजवीकडे बादशहाचा वकील, डावीकडे नांदगिरीचे राजे. बाहेर अंगणात हत्ती झुलत होता.

"बोल, कोणतं घर निवडलंस?" राजाने विचारलं.

"मोजणी पहिल्या घरापासून करावी, महाराज. आणि गावातलं पहिलं घर म्हणजे हा राजवाडा!" ठमाने पंतांना खूण केली. पंतांनी बोरू शाईत बुडवला. "महाराज, आपली वर्षाची मिळकत किती?"

वकील पुढे सरकला. नांदगिरीचे राजेही पुढे सरकले.

राजाने उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं. तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं. शेवटी तो पुटपुटला, "अगं, असलं काही चारचौघांत विचारतात का?"

"लिहा पंत, लिहा!" ठमा ओरडली. "हेच ते खरं उत्तर! सगळ्या गावाच्या मनात हेच होतं, महाराज. पण तोंडाने बोलायची छाती फक्त आपली झाली!"

पंतांचा बोरू तेवढा कुरकुरत होता.

आणि मग राजा हसायला लागला. आधी नुसतं पोट हललं, मग मिशा हलल्या, मग पागोटं एका कानावर आलं! "दोन्ही वह्या पाण्यात टाका! पंत, घरी जाऊन जेवा. आणि हिची टोपली रिकामी करून मोहरांनी भरा!"

टोपली शिगोशीग भरली. डोळे पुसत राजाने विचारलं, "आता खरं सांग ठमे, तू वर्षाला किती कमावतेस?"

ठमाने पदर सावरला. "पट्टी बसवायला विचारत असाल महाराज, तर कण्या खाऊन दिवस काढते. आणि पंगतीसाठी विचारत असाल, तर माझं पान आपल्या शेजारीच मांडा!"

राजाने इतक्या जोरात मांडीवर थाप मारली, की अंगणातला हत्ती दचकला. आणि त्या दसऱ्याला राजाशेजारचं पान ठमाचं होतं. सोनार बसला होता पार शेवटच्या रांगेत, न्हाव्याच्याही पलीकडे!