फायरवॉलची दारं बंद, गाणी चालू!

"फायरवॉलची सगळी दारं बंद राहिली पाहिजेत आणि गाणी आत आलीच पाहिजेत! आज सूर्य मावळायच्या आत जमलं नाही, तर राज्यातली इंटरनेटची एकूणएक तार कापून टाका!" चंद्रसेन महाराज गरजले आणि त्यांनी कीबोर्डवर मूठ आपटली.

झालं होतं असं. महाराजांना जुन्या लावण्यांचा भारी नाद. त्यासाठी त्यांनी कॉम्प्युटरवर देवाणघेवाणीचं सॉफ्टवेअर घेतलं. मधे दुकान नाही की दलाल नाही. माझ्याकडचं गाणं तुम्ही न्या, तुमच्याकडचं मला द्या! पण फायरवॉल पडली कॉम्प्युटरची पहारेकरीण. तिने चोरांबरोबर गाणीही बाहेरच अडवली. मग प्रधान दाजीपंतांनी काय करावं? त्यांनी फायरवॉलच काढून टाकली, वर घाईघाईत अख्खा कॉम्प्युटर वाटपाला ठेवला! व्हायरस वरातीसारखे नाचत आत शिरले आणि मिशीला कलप लावतानाचा महाराजांचा फोटो घरोघर पोहोचला!

महाराजांच्या हुकमाची दवंडी राज्यभर पिटली गेली आणि ती बकुळेच्या कानावर आली. ती गवळ्याची पोर. तिची थोरली बहीण दूरदेशी नांदत होती आणि दोघी याच सॉफ्टवेअरवरून एकमेकींना झिम्मा-फुगडीची गाणी म्हणून धाडायच्या. तार तुटली की ताईचा आवाजही तुटणार! दुधाची चरवी हातात तशीच ठेवून ती तडक दरबारात शिरली.

"तू गं काय करणार?" दाजीपंतांनी नाक मुरडलं.

"तुम्ही केलंत त्याहून वाईट तर नाही ना होणार!"

दरबार खुसखुसला. बकुळेने चरवी खाली ठेवली आणि कॉम्प्युटरपुढे बैठक मारली. आधी आत शिरलेले व्हायरस झाडून काढले. मग फायरवॉल पुन्हा लावली, बाहेरून येणाऱ्या सगळ्यांना मनाई केली. फक्त त्या गाण्यांच्या सॉफ्टवेअरला एका नंबराच्या एकाच पोर्टातून, म्हणजे एवढ्याशा दारातून, मुभा दिली. वाटपासाठी वेगळं फोल्डर केलं, त्यात गाणी तेवढी ठेवली. आत येणारी प्रत्येक फाइल तपासूनच उघडायची, अशी तजवीजही केली.

आणि खणखणीत ढोलकी वाजली! लावणी आली! महाराजांचा पाय ठेका धरू लागला... आणि मधेच थबकला.

"थांब! एक दार उघडलंस की! सगळी बंद हवीत, असा हुकूम होता! कापा तारा!"

शिपायाने पक्कड उचलली. बकुळेने पदर खोचला.

"महाराज, जरा तोंड मिटता का?"

"अगागा!" दरबाराने जीभ चावली. महाराजांनी मात्र रागाच्या भरात ओठ घट्ट आवळले.

"झालं ना दार बंद?"

महाराजांनी मान डोलावली.

"मग गुदमरला का नाहीत?"

महाराजांनी गुर्मीत बोट नाकाकडे नेलं.

"हेच ते पोर्ट, महाराज! फक्त श्वासापुरतं! आता त्यातून लाडू खाऊन दाखवा बरं!"

महाराजांचे डोळे विस्फारले, गाल फुगले, आणि हसू असं फुटलं की मुकुट घरंगळत दाजीपंतांच्या मांडीवर पडला!

"पोरी, जिंकलीस! गवळीवाड्याला राजवाड्याइतकी वेगवान लाइन द्या! आणि हिच्या ताईला माहेरपणाला आणायला माझा रथ पाठवा!"

"घोडे आत्ताच जुंपायला सांगू का, महाराज?" असं म्हणत बकुळा दाराकडे पळालीसुद्धा!