राजाने फुलवलेले रानसफरचंद

एका राज्यात, जिथे हिवाळ्यात तळी गोठून जात, तिथे प्रतर्दन नावाचा राजा होता. एका वसंतात, नव्या सभामंडपाच्या आड येते म्हणून, त्याने एका मांत्रिकाचे रानसफरचंदाचे झाड तोडविले.

मांत्रिक म्हणाला, "राजा, तुझी कन्या पावलांपासून दगड होत जाईल. चौथ्या वसंतात दगड काळजाला पोचेल. तोवर हेच झाड स्वतःच्या हातांनी फुलव, तरच ती सुटेल."

त्याच क्षणी राजकन्या ऋतंभरा अंगणात खिळली.

तोडलेल्या झाडाची डहाळी चोचीत धरून एक मैना आली. "माझे घरटे याच्यावर होते," ती म्हणाली. "रानातल्या रोपावर हिचे कलम बांध."

राजाने कलम बांधले, राजकन्येसमोर लावले. वर्ष सरले, कळी धरली नाही.

"तुझ्या नव्या मंडपाची सावली पडते. याला ऊन हवे," मैना म्हणाली.

राजाने मंडप पाडविला.

दुसऱ्या वर्षी राजा धास्तीने सकाळ-संध्याकाळ पाणी घालू लागला. पाने पिवळी पडली.

"मुळे कुजतील. माती कोरडी लागेल तेव्हाच पाणी घाल," मैना म्हणाली.

मग राजा रोज मातीत बोट खुपसून पाही आणि बहुतेक वेळा भरली घागर तशीच परत नेई. दगड कन्येच्या कमरेशी आला होता. काही न करता थांबणे त्याला सर्वांत जड गेले.

तिसरा हिवाळा सरत आला. कलमाच्या सांध्याखालून उंच, तरतरीत फुटवे निघाले होते. कलम मात्र काडीसारखे राहिले होते.

"फुटवे काप. ते खालच्या रानरोपाचे आहेत, कलमाचा रस पितात," मैना म्हणाली.

राजाने उगारलेला कोयता मागे घेतला. "एकदा कापले, त्याचेच हे फळ. पुन्हा कसे कापू?"

दगड छातीपर्यंत चढला होता. ऋतंभरा कष्टाने बोलली, "तात, तेव्हा आपण झाडाकडे पाहिलेही नव्हते. आज पाहून कापा."

राजा गुडघ्यांवर बसला. एकेक फुटवा बोटांनी चाचपून त्याने मुळाशी छाटला. कलमाला धक्का लागू दिला नाही.

चौथा वसंत आला. गुलाबी कळ्या आल्या, उमलून पांढऱ्या झाल्या. राजकन्येच्या अंगावरचा दगड खपल्यांसारखा गळाला. राजाने हात पुढे केला. तो धरून तिने झाडाखालच्या ओल्या मातीत पाऊल टाकले.

राज्याची सभा पुढे उघड्या अंगणातच भरू लागली. पण मातीत उमटलेले ते पाऊल राजाने कितीतरी दिवस कुणाला झाडू दिले नाही.