धुरपा बुरडीण आणि पक्क्या गिऱ्हाइकांची यादी

"पगार किती?" खजिनदार त्रिंबकपंतांनी मान वर न करताच विचारलं.

"कधी आठ होन, कधी एक, कधी नुसता वारा," धुरपा बुरडीण म्हणाली.

"वारा खजिन्यात जमा होत नाही! पुढचा!"

पुढचा कुठून येणार? धुरपा जागची हलेल तर ना! राजे उदयभान यांनीच तर दवंडी पिटवली होती: ज्याला घर घ्यायचं असेल त्यानं खजिन्यातून पैसे न्यावेत, घर गहाण ठेवावं आणि दरमहा थोडे थोडे फेडावेत. धुरपा सुपं, टोपल्या, पाळणे विणायची, आणि नगरात कुणी गेलं की तिरडीचे बांबूही तिच्याच दारातून जायचे. ती राहायची त्या भाड्याच्या घराला लांबच लांब अंगण होतं. वीस हातांचा बांबू आडवा टाकून चिरावा, असं दुसरं अंगण साऱ्या नगरात नव्हतं. आता घरमालक निघाला काशीला. पौर्णिमेच्या आत दोनशे होन दिलेस तर घर तुझं, नाहीतर शेजारचा तेली टपलाच आहे, असं त्यानं बजावलं होतं. अंगण गेलं की धंदा गेला, आणि धंदा गेल्यावर धुरपानं खायचं काय, बांबू?

"हे बघ," पंत म्हणाले, "महिन्याच्या महिन्याला ठरलेला पगार येतो, त्यालाच कर्ज! कारकून चालेल, हत्तीचा माहूत चालेल, राजांच्या पोपटाला मिरची भरवणारासुद्धा चालेल. तुझा काय भरवसा?"

"आणि पोपट उडून गेला तर हो पंत?"

पंतांच्याच नाकाला मिरची झोंबली. "जिभेला काही हाड! बरं, असं कर. तुझा माल नक्की घेणार अशा शंभर गिऱ्हाइकांची यादी आठ दिवसांत आण. नक्की म्हणजे नक्की! भर दरबारात त्यातल्या एकानं जरी 'मी घेणार नाही' म्हटलं, तरी कर्ज विसरायचं!"

धुरपा दारोदार फिरली. एक म्हणाली, "मागचंच सूप अजून धड आहे गं." दुसरी म्हणाली, "गौरी येऊ देत, मग बघू." नक्की म्हणायला कुणी तयार होईना. पाटलांच्या सुनेनं तर दारातूनच कटवलं, "यंदा आम्हाला बांबूचं काही म्हणता काही लागायचं नाही!"

हे सोमवारी. गुरुवारी सकाळी पाटलांचा गडी धापा टाकत आला. "धुरपाबाई, बांबू काढ! थोरले पाटील गेले!"

धुरपानं बांबू काढून दिले, देवाला हात जोडले, आणि मग कोपऱ्यात बसून पोटभर हसली. देवा, क्षमा कर, पण हसूच तसं आलं! संध्याकाळी तिनं देवळातल्या गुरवाकडून यादी लिहून घेतली.

आठव्या दिवशी दरबार भरला. पंतांनी ऐटीत यादी उलगडली, पहिलं नाव वाचलं, आणि त्यांचा आवाज चिरकला. "राजे... राजे उदयभान?"

"आम्ही?" राजे चकित झाले. "आम्हाला टोपल्या काय करायच्यात?"

"टोपल्या नव्हेत महाराज," धुरपानं मुजरा केला. "तिरडी!"

पंत ओरडले, "कडेलोट करा हिचा!"

"करा की! पण दुसरं नाव तुमचंच आहे पंत. तुमचीच अट, तुम्हीच मोडा. कुलदैवताची शपथ घ्या आणि मोठ्यानं म्हणा, मला तिरडी लागणारच नाही!"

पंतांनी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. असलं काही बोलावं आणि नेमकं यमानं ऐकावं! नसती जोखीम घ्यायची कशाला? सेनापतींचं नाव आलं, ते छताकडे बघू लागले. राजवैद्य हळूच खांबाआड सरकले. शंभर नावं वाचून झाली, पण 'मी घेणार नाही' म्हणणारा एक माईचा लाल निघाला नाही.

"पण कधी घेणार?" पंत हट्टाला पेटले. "यंदा कुणी गेलंच नाही, तर फेडणार कशानं?"

"मग जगतील ना! जगणारे काय गप्प बसतात होय? लग्नं करतात, पोरं जन्माला घालतात. पाचवीला सूप हवं, निजवायला पाळणा हवा, गौरीच्या वाणाला पुन्हा सूप! ते दोन दोन दिवाळ्या उधारी थकवतात, एवढंच. तिरडीचा मात्र कुणी भाव करत नाही. पैसे रोख! गेलेल्या माणसाच्या डोक्यावर उधारी कोण ठेवणार? एवढं पक्कं गिऱ्हाईक तुमच्या माहुताला तरी आहे का?"

राजांच्या मिशा थरथरू लागल्या होत्या. त्यांनी कसंबसं हसू दाबलं. "कर्ज मंजूर! पण काय गं, आमचं नाव पहिलं का घातलंस?"

"मानाचं आहे महाराज! राजाच्या आधी रयतेचं नाव कसं लिहू?"

"हा मान नको आम्हाला! आमचं नाव पार तळाशी घाल."

"शेवटची जागा सगळ्यांनाच हवी असते, महाराज," धुरपा शांतपणे म्हणाली. "ती फुकट कशी देऊ?"

"बोल, काय घेशील?"

"दोनशे होन. म्हणजे कर्जाचीही कटकट नको, गहाणाचीही नको!"

राजे असे हसले, असे हसले की हुजऱ्यानं त्यांचा डोक्यावरून घसरलेला मंदिल झेलला! दोनशे होनांची थैली त्यांनी धुरपाच्या ओटीत घातली, वर हातातलं सोन्याचं कडं काढून दिलं. धुरपा मुजरा करून वळली, तोच मागून कुणीतरी हळूच तिच्या पदराशी आलं. बघते तर त्रिंबकपंत!

"धुरपाबाई," पंत इकडेतिकडे बघत कुजबुजले, "शेवटून दुसरी जागा केवढ्याला द्याल हो?"