बारा शब्द, तीन शब्द

"आणि ते बारा शब्द तू त्याला सांगितलेस?"

"सांगितले, बुवा."

"सगळे?"

"क्रमाने."

निरंजनबुवांनी शेंग फोडली, दाणे तोंडात टाकले आणि बराच वेळ चघळले.

समरजित शितोळे मठाच्या ओसरीवर मांडी घालून बसला होता. साताऱ्यातल्या एका कारखान्यात इंजिनियर. डोक्याने तल्लख, हे दुसऱ्या कुणी म्हणेपर्यंत तो थांबत नसे.

तीन वर्षं तो क्रिप्टोत, म्हणजे इंटरनेटवरच्या नाण्यांत, पैसे घालत होता. त्या नाण्यांना ना कपाट, ना तिजोरी. बारा साध्या इंग्रजी शब्दांची एक किल्ली असते. ती ज्याच्या हाती, नाणी त्याची.

सहा महिन्यांपूर्वी एका दुपारी फोन आला. तुमचं वॉलेट अडकलंय, सर. आम्ही कंपनीतून बोलतोय. फक्त खात्री करायची आहे. आवाज असा अदबशीर, की समरजितने खुर्चीत नीट बसून शब्द वाचून दाखवले. समोरचा चहा निवायच्या आत अकरा लाख गेले.

"पण मी रडत बसलो नाही, बुवा. चुकांतून शिकलो."

त्याने पिशवीतून जाड वही काढली. वर लाल शाईत लिहिलं होतं, 'माझ्या चुका'.

पहिल्या खेपेला बारा शब्द कुठेच न लिहिता त्याने फोनमधलं सगळं पुसलं होतं आणि नाणी कायमची अडकली होती. दुसऱ्या खेपेला भलत्याच नेटवर्कवर, म्हणजे जिथून परत येत नाहीत अशा वाटेने, नाणी पाठवली, तीही एका दमात सगळी, आधी चिमूटभर पाठवून न बघता. तिसरी खेप त्या फोनवाल्याची. प्रत्येक चुकीखाली धडे होते. एकूण एक्केचाळीस.

"वाच एखादा," बुवा म्हणाले.

"धडा सतरावा. गुपित ब्रह्मदेवाने विचारलं तरी सांगू नये. समोरचा जितका गोड, तितकं आपण गप्प."

"चांगलं लिहिलंयस."

"अक्षरही बघा."

बुवांनी अक्षरही पाहिलं.

खरं काम पुढेच होतं. दुसऱ्या एका किल्लीखाली थोडी नाणी अजून उरली होती, लेकीच्या शिक्षणासाठी ठेवलेली. ती त्याच्या बायकोने, सुनेत्राने, आपल्या फोनवर हलवून घेतली होती. त्यांचे बारा शब्द तिने कुठे ठेवले ते तिलाच माहीत. "अहो, बुवा सांगू देत तुम्ही सुधारलात म्हणून," ती म्हणाली होती, "त्याच दिवशी कागद तुमच्या हातात देते."

सुनेत्राची बुवांवर फार श्रद्धा. सहा वर्षांपूर्वी तिने त्यांच्याकडून मंत्र घेतला होता. कोणता, हे समरजितने तिला शंभरदा विचारलं असेल. शंभरदा ती हसली आणि त्याला भाकरी वाढली.

"तर तेवढं तिला कळवा," समरजित म्हणाला. "हा आता चुकायचा नाही म्हणून."

"कळवू की," बुवा म्हणाले. "पण आलाच आहेस, तर मंत्र घेऊन जा."

समरजित हरखला. बुवा पूर्वाश्रमीचे तार ऑफिसातले. हजारो लोकांच्या बातम्या त्यांच्या बोटांतून गेल्या, एकही तोंडातून गेली नाही, असं गावात म्हणत. मंत्र ते सहसा कुणाला देत नसत.

बुवा त्याच्या कानाशी वाकले. तीन शब्द. मंत्रासारखे ते मुळीच वाटत नव्हते, पण समरजितने ते मनात घट्ट धरले.

"कुणाला सांगायचा नाही. बायकोला नाही, लेकीला नाही. मलासुद्धा नाही."

"बुवा, हे मला सांगताय?" त्याने वहीवर थाप मारली. "धडा सतरावा."

मग बुवांनी स्वतः गुळाचा चहा केला. रस्त्याच्या गोष्टी झाल्या, दुधाच्या दराच्या झाल्या. लेकीला कशाची आवड आहे, हे बुवांनी आपुलकीने विचारलं.

"हं," कप खाली ठेवत ते म्हणाले, "उच्चार नीट पोचलाय ना तुला? माझे पुढचे दात गेलेले. फक्त खात्री करायची आहे."

"लिंबू, पायरी, टिटवी," समरजित म्हणाला.

...

बुवांनी शेंग उचलली आणि न फोडताच खाली ठेवली.

समरजितच्या कानाच्या पाळ्या तापल्या. वही मांडीवर उघडीच होती. त्याने ती हळूच मिटली.

"पण... तुम्हीच विचारलंत."

"मीच विचारलं."

"तुम्ही गुरू आहात."

"आणि तो कोण होता?"

"तो कंपनीचा..."



हसू आधी बुवांच्या खांद्यांत आलं, मग पोटात. समरजित रागावायच्या बेतात होता, पण त्याला ती दुपार डोळ्यांपुढे दिसली. खुर्चीत ताठ बसलेला तो स्वतः, पुसलेला चष्मा, आणि खणखणीत वाचन.

"बुवा," तो म्हणाला, "सातवा शब्द त्याला नीट ऐकू आला नव्हता. मी त्याला स्पेलिंग सांगितलं."

"स्पेलिंग?"

"दोनदा."

मग दोघांनाही आवरेना. बुवांना ठसका लागला, समरजितने त्यांच्या पाठीवरून हात फिरवला आणि तोही डोळे पुसत राहिला. सहा महिन्यांत तो असा हसला नव्हता. त्याला बरं वाटलं, फार बरं वाटलं.

"तुम्हाला कितव्या खेपेला जमलं, बुवा?"

"माझ्या गुरूंना चार मंत्र खर्चावे लागले."

"मग मला दुसरा द्या."

बुवा पुन्हा वाकले. पुन्हा तीन शब्द. ते इथे लिहिले असते, पण समरजितने ते मलाही सांगितलेले नाहीत.

"म्हण बघू," बुवा म्हणाले.

...

"अरे, उच्चारापुरतं..."

समरजितने शेंग फोडली, दाणे तोंडात टाकले आणि बराच वेळ चघळले.

उन्हं कलल्यावर तो उठला, पाया पडला आणि चपला घालता घालता थांबला.

"सुनेत्राला काय सांगू?"

"काही सांगू नकोस."

"पण तुम्ही तिला कळवणार होतात. मी सुधारलो की नाही, ते तिला कसं कळायचं?"

बुवांनी मूठभर शेंगा कागदात बांधल्या आणि पुडी त्याच्या हातात ठेवली.

"ह्या तिला दे. सोलता सोलता ती विचारेल तुला, बुवांनी मंत्र कोणता दिला म्हणून."