दादांच्या फियाटला इंजेक्शन

मंगळवार होता. आजऱ्याच्या बाजारपेठेत नेमगोंडा नावाचा एक भोळा घड्याळजी भिंतीवरच्या घड्याळाला किल्ली देत होता. फोन वाजला. पलीकडे अक्का होती. थोरली बहीण. घाट उतरून खाली सावंतवाडीला तिचं सासर.

"नेमू, माझा अजित मला बंगळूरला न्यायला येतोय. रविवारी बाराला. कायमचीच चालले रे."

"बरं," नेमगोंडा म्हणाला.

"त्याच्या आधी एकदा दादांच्या गाडीत बसायचंय मला. रविवारी सकाळी ये, माहेरी घेऊन चल. दुकानात पाच मिनिटं टेकते आणि मग जाते. अजितला सांगते, तिथनंच मला घे."

"बरं," नेमगोंडा म्हणाला.

दादा म्हणजे दोघांचे वडील. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली होती. त्यांच्यामागे दुकान राहिलं, दुकानातली घड्याळं राहिली आणि चौसष्ट सालची फियाट राहिली. फियाट बाजारापर्यंत जायची. घाट म्हटला की खोकायची.

बुधवारी नेमगोंडा गुलाब मिस्त्रीकडे गेला. मिस्त्रीने बॉनेट उघडलं. बॉनेट उघडलं की आजऱ्यात सात-आठ माणसं आपोआप जमतात. तशी ती जमली आणि सगळ्यांनी आत डोकावून मान हलवली.

"अण्णा, कार्बोरेटर संपला की हो," मिस्त्री म्हणाला. "घाटात तापली की पेट्रोलची वाफ करतोय. ह्याचं सामानबी मिळत नाही आता. हिला इंजेक्शन बसवा."

नेमगोंडा तडक दवाखान्यात गेला. कंपाउंडरसमोर रांग होती. त्याने मान वर न करता विचारलं, "पेशंट कोण?"

"घरचीच आहे."

"वय?"

"चौसष्टची."

"काय होतंय?"

"चढाला दम लागतो. सकाळी लवकर उठत नाही. खोकते."

"कधीपासून?"

"दादा गेल्यापासून."

कंपाउंडरने जरा मान हलवली. "होतं तसं. ताप?"

"घाटात तापते."

"खाणंपिणं?"

"खात काही नाही. पिते मात्र भरपूर."

"मग कशी उठेल? उपाशीपोटी इंजेक्शन द्यायचं नसतं. आधी पोटभर घाला, मग आणा. पुढचा कोण?"

नेमगोंडाला पटलं. त्याने फियाट पंपावर नेली आणि टाकी काठोकाठ भरली. आणखी दोन कॅन डिकीत ठेवले, मध्येच भूक लागली तर असावेत म्हणून. मग गाडी मिस्त्रीच्या दारात आणून लावली.

"पोटभर घातलंय. आता द्या इंजेक्शन."

मिस्त्रीने टाकीचं झाकण उघडलं आणि कपाळाला हात लावला. "अहो अण्णा, हे इंजेक्शन पेट्रोल फवारायचं, त्याला जोराचा पंप लागतोय. तो टाकीच्या आत बसवायचाय. भरल्या टाकीत हात घालू व्हय मी? अशा कामाला येताना रिकामं करून यायचं. सगळं रिकामं!"

"रिकामं," नेमगोंडाने मनाशी घोकलं.

मिस्त्रीने टाकी रिकामी केली. दोन तास गेले. मग एका कागदावर इंजिनची मापं लिहून दिली. "कोल्हापूरला गाडीच्या सामानवाल्या शेठकडे जावा. इंजेक्शनचं किट दोन तऱ्हेचं येतंय. बघून, विचारून, आपल्या गाडीला झेपेल ते आणा."

गुरुवारी नेमगोंडा एसटीने कोल्हापूरला गेला. निघायच्या आधी त्याने खिसे रिकामे केले. पिशवी झटकली. मिस्त्रीचा कागद घड्याळाखाली ठेवला. जाण्यापुरते तिकिटाचे पैसे तेवढे मुठीत धरले. न्याहारीही केली नाही.

शेठ भला माणूस होता. "या. गाडी कुठली?"

"दादांची."

"इंजिन किती सीसीचं?"

"ते कागदावर आहे."

"कागद?"

"घरी आहे. मी रिकामा आलोय."

"पैसे?"

"तेही. पोटसुद्धा रिकामं आहे, हात लावून बघा."

शेठने हात लावला नाही. त्याने चहा-बिस्कीट मागवलं, परतीच्या तिकिटाचे पैसे दिले आणि सांगितलं, "काका, खरेदीला येताना रिकामं येतात का? गाडीचं जे काही असेल ते सगळं बरोबर आणायचं."

"सगळं," नेमगोंडाने मनाशी घोकलं.

शुक्रवारी आजरा-कोल्हापूर एसटीच्या कंडक्टरने आयुष्यात पहिल्यांदा एका स्टिअरिंगला तिकीट फाडलं. सोबत कार्बोरेटर होता. हॉर्न होता. दोन आरसे होते. पुढच्या कप्प्यात सापडलेला दादांचा चष्मा होता. आणि मागची अख्खी सीट होती, जिच्यावर अक्काने शाळेत असताना शाई सांडली होती. बसमध्ये जागा नव्हती, म्हणून नेमगोंडा फियाटच्या सीटवर बसून कोल्हापूरला गेला. कंडक्टर म्हणाला, "काका, इंजिन ऱ्हायलं की हो." नेमगोंडा म्हणाला, "ते निघेना."

या खेपेला मापांचा कागद होता, पैसेही होते. शेठने चष्मा परत हातात दिला, बाकी सगळं बाजूला ठेवलं आणि काचेवर दोन किट मांडले.

"हा पहिला. चार सिलिंडरला चार इंजेक्टर. काम एक नंबर. पण लॅपटॉप लावून माणसाने ह्याला शिकवावं लागतं. आजऱ्यात असा माणूस आहे?"

"शाळामास्तर आहेत."

"त्यांना नाही जमणार. मग हा दुसरा घ्या. कार्बोरेटर काढायचा, त्याच जागी हा बसतो. आत छोटा कंप्युटर आहे. हा आपला आपण शिकतो."

"कितवीपर्यंत?"

शेठने खोक्यावर बोट ठेवलं. "दोनशे किलोमीटरपर्यंत. तेवढं चालवलंत की हुशार होतो. मग घाट असो, थंडी असो, एका चावीत गाडी चालू."

नेमगोंडाने दोन्ही किट हातात घेऊन पाहिले. दादा म्हणायचे, शिकवायला कोणी नसलं तरी घड्याळ उघडलं की कळतं. त्याने दुसरा उचलला. त्या आठवड्यात त्याच्या हातून झालेलं हे एकच शहाणपणाचं काम.

"एक लक्षात ठेवा," शेठ म्हणाला. "बॅटरी काढू नका, काढलीत तर शिकलेलं विसरेल. दोनशे पुरे होईपर्यंत शिकण्यात खंड नको."

"खंड नको," नेमगोंडाने मनाशी घोकलं.

शनिवारी गुलाब मिस्त्रीने आधी स्टिअरिंग आणि सीट जागेवर घातली, त्याबद्दल काय बोलायचं ते बोलून घेतलं, आणि मग किटला हात घातला. संध्याकाळी त्याने एकेक बोट मिटत नेमगोंडाला सांगितलं, "पंप बसवला. सेन्सर बसवला. कंप्युटर बसवला. नळी बसवली. असं बोटावर मोजायचं अण्णा, म्हंजे काय ऱ्हात नाही. अंगठा उरला, तो हॉर्न दाबायला. पंपाचं प्रेशर तीन ठेवलंय, तेवढं पुरे. आता टाकी भरा."

"भरू? रिकामी करू?"

"भरा हो!"

त्याच संध्याकाळी अक्काचा फोन आला. "लवकर ये हं. मला प्रेशर आहे, फार वेळ उभं राहवत नाही."

"किती आहे?"

"एकशे साठ."

"एवढं कशाला? मिस्त्री म्हणतो, तीन पुरे."

अक्का हसली. नेमू लहानपणापासून असाच होता, आणि त्याच्यावर हसून झाल्यावर त्याला जवळ घेणारी ती एकटीच होती.

रविवारी सकाळी नेमगोंडाने काचेवर पुढे-मागे लाल रंगात 'एल' लिहिलं, कारण गाडी शिकत होती. चावी फिरवली. गाडी चालू झाली. घाट ती एकदाही न खोकता उतरली. साडेआठला तो अक्काच्या दारात पोचला. अक्का पिशवी घेऊन, ठेवणीतलं लुगडं नेसून फाटकात उभी होती. नेमगोंडाने मीटर पाहिला. पासष्ट किलोमीटर झाले होते.

तो तिच्यासमोरून तसाच पुढे गेला.

अक्काला वाटलं, वळवून आणतोय. तो वळवून आला आणि पुन्हा पुढे गेला.

"नेमू, थांब की रे!"

"थांबता येत नाही अक्का! शिकत्येय!"

"कोण?"

उत्तर पुढच्या फेरीला आलं. "गाडी!"

"मग हळू कर, मी चढते!"

"मध्येच नको! खंड पडेल! एकशे तीस राहिले!"

तिच्या दारापासून देवळापर्यंत जाऊन यायचं म्हणजे दीड किलोमीटर. नेमगोंडा फेऱ्या घालत राहिला. वाटेतली माणसं आधी ओरडली, मग बाजूला झाली, मग बघायला बसली. दहाव्या फेरीला एकाने "कोणता नवस आहे?" असं विचारलं. विसाव्या फेरीला शेजारणीने अक्काला खुर्ची आणून दिली. तिसाव्या फेरीला अक्काने डबा उघडला आणि चालत्या खिडकीतून नेमगोंडाच्या हातात खोबऱ्याची वडी ठेवली. त्यानंतर दर चार-पाच फेऱ्यांनी ती एक वडी द्यायची. त्याने सकाळपासून काही खाल्लं नसणार, हे तिला न सांगता कळत होतं.

"दादांसारखाच चालवतोस रे," ती एकदा म्हणाली. नेमगोंडाला पुढचं ऐकू आलं नाही. गाडी पुढे गेली होती.

अक्काचा फोन गेला होता, म्हणून बाराला अजित मोठी गाडी घेऊन दुकानाऐवजी इथेच आला. त्याने दहा फेऱ्या पाहिल्या. "मामा, काय लावलंय हे?" असं तो पाच वेळा ओरडला. मग घड्याळ पाहिलं आणि आईला हाताला धरून आपल्या गाडीत बसवलं. दोन्ही गाड्या देवळापाशी समोरासमोर आल्या. अक्काने काच खाली करून हात हलवला. नेमगोंडानेही हलवला.

"अक्का, सत्तावीसच राहिले!"

दीडला दोनशे झाले. नेमगोंडा अक्काच्या फाटकात थांबला. त्याने गाडी बंद केली आणि चावी फिरवली. एका चावीत चालू. पुन्हा बंद केली, पुन्हा फिरवली. पुन्हा एका चावीत. शेठ खोटं बोलला नव्हता. फाटकाला कुलूप होतं. खुर्चीवर डबा होता. डब्यात दोन वड्या होत्या.

नेमगोंडा घाट चढून संध्याकाळी आजऱ्याला आला. गुलाब मिस्त्री गॅरेजच्या दारात वाट बघत उभा होता, आणि त्याच्या मागे ती सात-आठ माणसंही.

"चढली का अण्णा?"

"घाट? चढली. एकदासुद्धा खोकली नाही."

"बघा! म्हटलं नव्हतं? सगळं नीट बसलंय न्हवं?"

नेमगोंडाने हात पुढे केला आणि एकेक बोट मिटलं. पंप बसवला. सेन्सर बसवला. कंप्युटर बसवला. नळी बसवली. अंगठा उरला. तो त्याने मिटला नाही.

"अक्काला बसवायचं राहिलं," तो म्हणाला.