दोन दळांचं लग्न

सगुणाची हळद दळून झाली, मांडवाच्या मेढी उभ्या राहिल्या, आणि राजा उदयभानाने तिचं लग्न थांबवलं. कारण काय, तर बियांची दळं!

झालं असं, की एका वैद्याने महाराजांना सांगितलं, फुलाफळांच्या झाडांची मोठी कुळं दोनच. ज्यांच्या बीची हरभऱ्यासारखी दोन दळं होतात, ती एका कुळातली. आंबा, वड, शमी, कळंब, सगळे त्यात. ज्वारीच्या दाण्यासारखं ज्यांचं बी एकदळी, ती दुसऱ्या कुळातली. माड, ताड, वेळू त्यात. महाराजांना हे फार आवडलं. आणि राजाला एखादी गोष्ट फार आवडली, की ती रयतेला भोवते. लग्नात कुळाचं देवक म्हणून जे झाड पुजतात, त्या एकाच देवकाच्या माणसांत सोयरीक होत नाही, हे आपल्याला ठाऊकच आहे. महाराजांनी हुकूम काढला, की यापुढे एका कुळातली सगळी देवकं एकच धरायची. सगुणाचं देवक कळंब, नवऱ्यामुलाचं, मल्हारीचं, शमी. झाले की दोघं बहीणभाऊ!

सगुणाचा बाप धोंडजी माळी मेढी उपटायला निघाला. पोरगी मात्र तडक दरबारात गेली. मल्हारी आपल्याला मनापासून आवडतो, हेही तिने तिथे सांगून टाकलं. पण महाराज हट्टाला पेटले होते. म्हणाले, शमीचं असं बी आण, ज्याची दोन दळं होत नाहीत, मग खुशाल लग्न कर. आता असं बी आणायचं कुठून, कपाळ!

दुसऱ्या दिवशी सगुणा आली ती ओवाळणीचं ताट घेऊन. बी कुठे आहे, असं महाराजांनी विचारलं.

"मिळालं नाही, महाराज. आपला हुकूम खरा ठरला," असं म्हणून तिने ताट राणीसाहेबांपुढे धरलं. "तेव्हा राणीसाहेब, ओवाळा."

"कोणाला गं?"

"महाराजांना. त्यांचं देवक पिंपळ, आपलं आंबा. पिंपळ दोन दळांचा, आणि आंब्याची कोय फोडून बघा, तीही दोन दळांची. भाऊ समोरच बसलेत, भाऊबीज उरकून घ्या."

राणीसाहेबांनी पदर तोंडाला लावला, पण हसू काही लपेना. महाराजांचे कान लाल झाले.

"म्हणजे वैद्य खोटं बोलला?"

"छे, त्यांचं खरंच आहे. पण महाराज, दोन दळांचा तो अख्खा मुलूख झाला. त्यात आंब्याचं घराणं वेगळं, पिंपळाचं वेगळं, शमीचं आणि कळंबाचंही वेगळं. एका मुलखात राहिलं म्हणून सगळे भाऊबहीण होतात का?"

महाराज खो खो हसत सुटले. हुकूम तिथल्या तिथे मागे घेतला. मग म्हणाले, आलेलं ताट रिकामं परत जायचं नाही, आता तूच ओवाळ. सगुणाने ओवाळलं, तसं त्यांनी हातातलं सोन्याचं कडं काढून ताटात ठेवलं.

"आणि त्या मल्हारीला सांगून ठेव," महाराज म्हणाले, "लग्नात नवरीचा भाऊ म्हणून त्याचा कान पिळायला मी येणार आहे."