गुऱ्हाळवालीचा खांदा

फार जुनी गोष्ट आहे. तेव्हा राज्यं लहान होती, लोकांची तोंडं मात्र आजच्याइतकीच मोठी. अशा एका राज्यात डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. डोंगरावर किल्ला आणि किल्ल्यावर राजाचा तुरुंग. कैदी दिवसभर दगड फोडत. वारा खाली वळला की त्यांच्या हातोड्यांचा आवाज थेट गावात येई.

गावाच्या वेशीला कमान होती आणि कमानीला एक मोठी घंटा टांगलेली होती. मूल सहा वर्षांचं झालं की जत्रेच्या दिवशी बापाने त्याला खांद्यावर घ्यायचं आणि मुलाने घंटेच्या आत लोंबणारा लोळा धरून ती वाजवायची, अशी तिथली रीत. घंटा वाजली की मूल गावाचं झालं. मग त्याला शाळेच्या ओसरीवर जागा, जत्रेच्या पंगतीत पान, आजारपणात वैद्याची पुडी. बाप वारलेला असेल तर आजा खांदा देई, आजा नसेल तर मामा. पण ते वर्ष चुकलं की चुकलं.

सगुणा ही त्या गावच्या तांबटाची लेक. स्वतःची घंटा तिला लख्ख आठवत होती. बाबांचा रुंद खांदा, त्याला येणारा चिंचेचा नि कोळशाचा वास, आणि खालून आलेला आवाज, "पोरी, नुसती बडवू नकोस. आपल्या घरचा ठेका वाजव."

घरचा ठेका म्हणजे तांब्यावर पडणाऱ्या बाबांच्या हातोडीचा ठेका. एक जोराचा, दोन हलके. ठण्ण, टिण-टिण. तो ऐकला की डोळे मिटूनही गावाला कळे, तांबट कामाला बसला.

याच तांबटाने पुढे चोरी केली. त्यात झाकण्यासारखं काही नाही. गावात एक विधवा बाई गुऱ्हाळ चालवायची. उसाचा रस उकळायची तिची तांब्याची मोठी काहील तिने दुरुस्तीला दिली. तांबटाने तळाचं जाड तांबं कापून विकलं आणि तिथे पातळ पत्रा ठोकला. भर हंगामात तळ फाटला. उकळता रस चुलाणात सांडला, गुऱ्हाळ बंद पडलं आणि बाईचा हात कोपरापर्यंत भाजला. राजाने चौकशी केली. गुन्हा शाबीत झाला आणि तांबट किल्ल्यावर गेला. न्याय झाला.

गोष्ट इथेच संपायला हवी होती. पण गावाला राजाचा न्याय पुरला नाही. राजाने शिक्षा एकाला दिली होती, गावाने ती घरभर वाटली.

घरात होतं तरी कोण? आई कधीच गेलेली. एक आंधळी आत्या, सगुणा आणि तिचा धाकटा भाऊ भिवा. सगुणा विहिरीवर आली की बाया आपापल्या घागरी जवळ ओढत. भिवा खेळायला गेला की पोरं म्हणत, "ए चोराच्या, आधी हात दाखव!" हळूहळू त्याला भिवा म्हणणारं कुणी उरलंच नाही. आणि कौतुक बघा, हे सगळे लोक रोज रात्री आपण किती सज्जन आहोत या समाधानात गाढ झोपत.

भिवा सहा वर्षांचा झाला. जत्रा जवळ आली. आजा नव्हता, मामा नव्हता. सगुणा खांदा मागायला दारोदार फिरली. कुंभाराच्या घरून तिला हाकललं. वैद्य घरात असून नसल्यासारखा झाला. कोष्टीकाकांनी निदान दार उघडलं.

"माझं काही नाही गं पोरी," ते म्हणाले, "पण लोक काय म्हणतील?"

त्या लोकांमध्ये आपणही मोडतो, हे कोष्टीकाकांच्या ध्यानात आलं नाही.

जत्रेच्या दिवशी ढोल वाजले. एकेक बाप पोराला खांद्यावर घेऊन कमानीखाली आला, दर वेळी घंटा घणघणली. सगळ्यांत शेवटी सगुणा पुढे झाली. तिने भिवाला आपल्याच खांद्यावर घेतलं. भिवाने हात ताणला, पण लोळा फार वर राहिला.

गर्दी हसली.

"उतर त्याला खाली," पाटील म्हणाले. "बाप नाही, खांदा नाही, घंटा नाही. रीत म्हणजे रीत."

सगुणाने भिवाला उतरवलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण मान खाली गेली नाही. तिने किल्ल्याकडे बोट केलं. "बाप आहे आम्हाला. तो काय, तिथं वर आहे."

"मग मार की हाक!" मागून कुणीतरी ओरडलं. पुन्हा हशा.

एवढ्यात गर्दी दुभंगली आणि गुऱ्हाळवाली पुढे आली. ही बाई मारणार, आणि मारलं तर तिचं काय चुकलं, असंच सगुणाला वाटलं. बाईच्या हातावरची भाजल्याची खूण अजून लालच होती.

बाई भिवासमोर उभी राहिली. "नाव काय रे तुझं?"

"चोराचा," भिवा म्हणाला.

हशा एकदम थांबला.

"ते तुझ्या बापाचं झालं. मी तुझं विचारते."

त्याने बहिणीकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, "भिवा."

"हां. ये भिवा, बस." आणि ती धिप्पाड बाई मातीत गुडघा टेकून वाकली.

पाटील गोरेमोरे झाले. "अहो बाई, त्या माणसाने तुमचंच तर वाटोळं केलं!"

"माझं केलं, म्हणूनच बोलते. काहील माझी फाटली, हात माझा भाजला. माझा न्याय मी राजाकडून घेतला. तुमचं काय फाटलं होतं, पाटील, म्हणून या लेकरांच्या मागे लागलात?"

पाटलांनी पुन्हा रीत पुढे केली. "पण खांदा बाप्याचा लागतो. बाईचा चालत नाही."

"असं घंटेने सांगितलं वाटतं तुमच्या कानात?"

गर्दी परत हसली. या वेळी भिवाला नाही.

भिवाला खांद्यावर घेऊन बाई उभी राहिली. भिवाने हात ताणला. लोळा अजूनही वीतभर वर. सगुणाने डोळे मिटून घेतले. ते उघडले तेव्हा कोष्टीकाका पागोटं बाजूला ठेवून, दोन्ही हात मातीत रोवून ओणवे झाले होते. मान खाली घालूनच ते म्हणाले, "द्या पाय माझ्या पाठीवर. म्हणू देत लोकांना काय म्हणायचं ते."

बाईने पाय दिला. कोष्टीकाका कण्हले. "बाई गं, काय हे वजन!"

"घरचा गूळ आहे. सोसा."

तालमीतले दोन गडी धावले आणि त्यांनी बाईला दोन्ही बाजूंनी तोलून धरलं. "अहो, सरका जरा," असं म्हणत पाटलीणबाईंनी खुद्द पाटलांना कोपर मारलं आणि मागून हात लावला. मग कुंभार आला. मग वैद्यही घरात असल्यासारखा झाला.

भिवाची मूठ लोळ्यावर बसली.

"भिवा," सगुणा खालून ओरडली, "आपल्या घरचा ठेका!"

ठण्ण, टिण-टिण. ठण्ण, टिण-टिण.

सगळ्या गावाने तो ओळखला. वर किल्ल्यावर हातोड्यांचा गलका चालला होता. तो कमी होत गेला आणि थांबला. मग त्या शांततेत एकच हातोडी दगडावर पडली. एक जोराचा, दोन हलके.

"बाबा!" भिवा वरूनच किंचाळला.

त्या दिवशी त्या गावाने लाजेने मान खाली घातली, आणि मग अभिमानाने ती वर केली. या दोन्ही गोष्टी एकाच दिवशी जमणारी गावं फार थोडी असतात. भिवाला ओसरीवर जागा मिळाली. सगुणाची घागर विहिरीवर आधी भरू लागली. दर सणाला गावातलं कुणी ना कुणी दोघांना किल्ल्यावर बापाला भेटवून आणू लागलं, आणि पहिल्या खेपेला पाटील स्वतः गेले. पुढे त्या गावात घंटेखाली खांदा कुणाचा हे कुणी विचारलं नाही.

शिक्षा भोगून तांबट खाली आला तेव्हा तो घरी न जाता आधी गुऱ्हाळावर गेला. त्याने हात जोडले आणि माफी मागायला तोंड उघडलं.

"बोलणं राहू दे," गुऱ्हाळवाली म्हणाली. "काहील ठोकून दे. आणि या वेळी तळ जाड हवा."

दुसऱ्या दिवशी सकाळी गावाला पुन्हा तो ठेका ऐकू आला. त्याच्या जोडीने दुसरी एक हातोडी पडत होती. ती सगुणाची होती.

तात्पर्य : गुन्हा ज्याचा, शिक्षा त्याची, लेकरं मात्र सगळ्या गावाची.